साहेबांच्या नावावर

“टीचर, तुमचा वास आमच्या पप्पांसारखा येतो,” असं ऋतिका म्हणाली तेव्हा मी खाली वाकून तिच्या बुटाचा पट्टा लावत होते. सिनियर केजीतली पोर. तक्रार करत नव्हती बिचारी, लाडात आली होती. माझ्या गळ्यात हात टाकून मानेपाशी नाक घासत होती, आणि तिला तिचे पप्पा फार आवडतात हे साऱ्या वर्गाला माहीत होतं. मी हसले. कोणतं सेंट लावतात गं तुझे पप्पा, म्हणून विचारलं. ती म्हणाली, सेंट नाही काही, ते रात्री घरी येतात ना, तेव्हाचा. शेजारच्या टेबलावर पुनम मॅडम मुलांचे डबे उघडून देत होत्या. त्यांचा हात थांबला की नाही ते मला सांगता येणार नाही, कारण मी तिकडे पाहिलंच नाही. मी पट्टा लावला, काढला, पुन्हा लावला. मग शाळा सुटेपर्यंत मुलांपासून हातभर लांब राहून गाणी म्हणवून घेतली आणि तोंडावर रुमाल धरला, सर्दी झालीय म्हणाले. जळगावात, मार्चच्या उन्हात, सर्दी. पुनम मॅडम म्हणाल्या, घरी गेल्यावर वाफ घ्या.

सकाळी मी घेत नव्हते. हे आधीच सांगून टाकते, कारण या गोष्टीचा मला गर्व होता. शाळेतून आल्यावर जेवण, भांडी, मग पडदे ओढून घ्यायचे आणि स्टीलच्या पेल्यातून घ्यायची. काचेच्या ग्लासातून पितात ते दारुडे, असं माझं मीच ठरवून टाकलेलं. हे ऑफिसातून यायच्या आत तोंड धुऊन, पावडर लावून, चहाचं आधण ठेवलेलं असायचं. मग रात्रीची भांडी घासताना थोडी. थोडी म्हणजे किती, हे विचारू नये. तर ऋतिकाला आला तो वास सकाळचा नव्हताच, तो आदल्या दिवसाचा होता, अंगातून निघून येत होता, आंघोळ करून, गजरा माळूनसुद्धा. याचा अर्थ रोजच येत असणार. याचा अर्थ रिक्षात, बँकेच्या रांगेत, हळदीकुंकवाला, सगळीकडे तो माझ्या आधी जाऊन बसत असणार आणि बायका माझ्याकडे बघून गोड हसत असणार. रस्त्याने घरी येताना मी एका हाताने नाक आणि एका हाताने पदर धरला होता. स्वतःचा वास स्वतःला येत नाही हा काय न्याय झाला?

लोक कारण विचारतात. टीव्हीवरच्या मालिकांत कारण असतं. मलाही असतं तर बरं झालं असतं. नवरा मारतो, सासू छळते, असं काहीतरी धरून बसता आलं असतं. माझा नवरा योगराज भिरूड, एका कॉलेजात हेडक्लार्क, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही, भाजी खारट झाली तर ताकाबरोबर खाऊन घेतो आणि बोलत नाही. सासू होती तोवर मला मुलीसारखी वागवून गेली. मुलगी डिंपल हुशार, पुण्यात नोकरीला. मग काय झालं तुला, बाई? डिंपल झाली तेव्हा मी रावेरला माहेरी होते. थंडी अशी की खाटेखाली शेगडी ठेवायचे. आईने औषधाच्या दुकानातून कागदात गुंडाळलेली ब्रँडीची बाटली मागवली आणि संध्याकाळी कोमट पाण्यात चमचाभर पाजली, बाळंतिणीच्या अंगातली थंडी निघते म्हणे. सगळ्याच घरांत पाजायचे, त्यात काही विशेष नव्हतं. पण तो पहिला चमचा घशातून उतरून गुडघ्यापर्यंत गेला आणि मला वाटलं, हं, आत्ता. आत्ता मी आले. इतकी वर्षं मी कुठे होते कुणास ठाऊक. आमच्या घरामागे वडिलांची केळी पिकवायची अंधारी खोली होती. त्यात एखादा घड विसरून राहिला की जो आंबूस गोड वास दाराच्या फटीतून यायचा, त्या फटीला नाक लावून मी लहानपणी उभी राहायचे, तेही आठवलं. सव्वा महिना झाला, आईने बाटली कपाटात वर ठेवून दिली. मी स्टूल घेऊन ती शोधली. तेवढंच. याला कारण म्हणायचं असेल तर म्हणा.

जळगावात बाईमाणसाने दुकानावर जाऊन बाटली मागायची म्हणजे त्यापेक्षा रेल्वे रुळांवर झोपलेलं सोपं. माझं काम तोताराम करायचा. कॉलनीच्या नाक्यावरचा रिक्षावाला, पिकलेल्या मिशांचा, भला माणूस. त्याला पहिल्यांदा सांगताना माझ्या तोंडून आपोआप निघून गेलं, साहेबांसाठी लागते. त्याने मान हलवली. त्यात काय, साहेब लोकांना लागतेच. मग दर दोन दिवसांनी तो पेपरात गुंडाळलेली बाटली भाजीच्या पिशवीत, मेथीच्या जुडीखाली घालून द्यायचा आणि कधीकधी खालच्या आवाजात म्हणायचा, वहिनी, साहेबांना जरा कमी करायला सांगा, तब्येतीला बरी नाही. मी म्हणायचे, ऐकतात का ते कुणाचं. असं म्हणताना मला खरंच यांचा राग यायचा. हे सकाळी नाक्यावरून स्कूटरने जाताना तोताराम त्यांना नमस्कार करायचा, आणि हे नमस्कार परत करायचे, आणि त्या नमस्कारात काय काय भरलंय याचा त्यांना पत्ता नसायचा. असं मला वाटायचं.

ऋतिकाच्या त्या बोलण्यानंतर मी ठरवलं की कुणासमोर तरी जाऊन एकदा म्हणायचं, मी पिते. एवढंच. सोडायचं वगैरे नंतर बघू. पण हे एवढं वाक्य मी जन्मात मोठ्याने म्हटलं नव्हतं, आणि आता वाटायला लागलं होतं की ते म्हटल्याशिवाय मी मरेन आणि मेल्यावरही वास येत राहील. शाळेच्या संडासात कडी लावून मोबाईलवर शोधलं. दारू सोडू पाहणारे लोक आठवड्याला जमतात, एकमेकांना आपापलं सांगतात, नाव-गाव विचारत नाहीत, पैसे घेत नाहीत, असं लिहिलेलं होतं. जळगावातही जमत होते. पण जळगावात आमचा अर्धा समाज, आणि त्यात डिंपलसाठी स्थळं बघणं सुरू. चोपड्याची एक बैठक जवळजवळ ठरल्यातच जमा होती. तिथे त्या खोलीत मुलाचा मामा बसलेला निघाला तर? म्हणून धुळं. धुळ्यात रविवारी दुपारी, एका शाळेच्या वर्गात. यांना सांगितलं, डीएडच्या मैत्रिणीला बघायला जाते, तिचं ऑपरेशन झालंय. हे म्हणाले, जा, डोक्याला रुमाल बांध, ऊन आहे. निघताना दाराजवळच्या डबीतून बडीशेप घेतली, ती डबी नेहमी भरलेलीच असायची.

बसमध्ये एरंडोलपर्यंत मी खिडकीबाहेर बघत होते. पारोळ्यापासून पाठ करायला लागले. माझं नाव कोकिळा. मी पिते. माझं नाव कोकिळा, मी रोज पिते. बाजूला एक म्हातारी मांडीवर कोंबडी घेऊन बसली होती, ती म्हणाली, बहीण, काय मंतर म्हनी ऱ्हायनी? मी म्हटलं, हो, मंत्रच. आदल्या दुपारपासून घेतलेली नव्हती. डोकं इतकं स्वच्छ झालं होतं की भीती वाटावी. धुळ्याच्या स्टँडवर उतरले तेव्हा परत फिरावं असं तीनदा वाटलं असेल. शाळा सापडली. दोन वर्गांपुढे चपला काढलेल्या, पुढच्या वर्गात बाकांवर पुरुष बसलेले, कुणी हसत होतं, कुणी चहा ओतत होतं. दारात एक पांढऱ्या शर्टातले गृहस्थ उभे होते. मी तोंड उघडलं, माझं ना, एवढं म्हटलं असेल, तोच ते हात जोडून इतक्या मायेने म्हणाले, “ताई, तुमची मीटिंग पलीकडच्या खोलीत. इकडे आम्ही पेताड बसतो.” आणि मागचे दोघं-तिघं हसले, वाईट नाही, चांगलं हसले. मी उभीच राहिले. त्यांनी मला स्वतः पलीकडच्या दारापर्यंत नेऊन सोडलं. एवढ्या वर्षांत त्या दारात बाई आली म्हणजे ती पिणाऱ्याची बायकोच, दुसरी कशी असेल? त्यांची काय चूक? मी म्हणायला पाहिजे होतं, भाऊ, मी इकडचीच.

पलीकडे बायका होत्या. सतरंजीवर गोल करून बसलेल्या, मध्ये पाण्याची बाटली आणि अगरबत्ती. मी बसले आणि रडायला लागले. दुसरं काही येत नव्हतं. त्यांच्यातली वयाने मोठी, बेबाबाई, कुंकू मोठं, हात खरखरीत, सरकून माझ्याजवळ आली आणि पाठीवरून हात फिरवायला लागली. कथाइन उनी, तिने विचारलं. जळगावहून, मी म्हटलं. तुना मालक पेस ना? नवरा पितो ना, असं विचारत होती ती. मी रडतच होते. रडताना मान हलते, ती कशी हलते यावर कुणाचा ताबा असतो? तिने ती हलताना पाहिली. “रडू नको वं माय,” ती म्हणाली, “आठे बठ्ठ्या तुन्यासारख्याच शेतस.” मग त्या एकेक करून सांगू लागल्या. कुणाचा नवरा कापसाच्या जिनिंगमध्ये पडून राहायचा, कुणाचा ताट फेकायचा. मी ऐकत होते आणि प्रत्येक गोष्टीत मला फेकलेलं ताट दिसत नव्हतं, फेकणारा हात दिसत होता, आणि त्याची तहान कळत होती. त्या साऱ्या जणी ज्यांच्याबद्दल बोलत होत्या, ती मी होते. भिंतीपलीकडे माझे लोक बसले होते, आणि मी इकडे त्यांच्या शत्रूंच्या मांडीवर डोकं ठेवून रडत होते. निघताना बेबाबाईने नंबर मागितला, एकटी पडू नको, फोन करत जाईन म्हणाली. मी नंबर सांगितला. स्टँडवर आल्यावर लक्षात आलं की मी यांचा नंबर सांगितला. गॅस, रेशन, शाळा, दवाखाना, जिथे जिथे विचारलं तिथे लग्नापासून मी तोच सांगत आलेय; माझा स्वतःचा मला पाठच नाही.

वाटलं, फोन येईल, हे चुकीचा नंबर म्हणून ठेवतील. पण तसं झालं नाही. त्या लोकांची एक पद्धत असते, ती मला नंतर कळली. एखाद्या घरात पिणारा आहे असं समजलं की त्यांच्यातले दोघं मिळून त्याच्या घरी जातात. उपदेश करत नाहीत, आपलंच सांगतात. बेबाबाईने तो नंबर देऊन धुळ्याच्या मंडळींना सांगितलं, त्यांनी जळगावच्या मंडळींना सांगितलं, आणि पुढच्या रविवारी सकाळी यांना फोन आला की सर, एका घरगुती विषयावर भेटायचं होतं, पाच मिनिटं. यांना वाटलं, चोपड्याच्या स्थळाकडून कुणी येतंय. लगबगीने बनियनवर शर्ट चढवला, मला पोहे टाकायला सांगितले, नवे कप काढायला सांगितले. दोघं आले. एक लीलाधर नाना, पांढरी टोपी, रिटायर माणूस; दुसरे नूर महंमद, कूलर दुरुस्तीचं काम करणारे. नूर महंमदांना बघून हे जरा गोंधळले, पण म्हणाले, या, बसा, मुलाचे मित्र का? लीलाधर नाना म्हणाले, नाही, आम्ही तुमचेच मित्र. आणि बोलायला सुरुवात केली.

मी पडद्यामागे ट्रे घेऊन उभी. नानांनी सांगितलं की मुलाच्या लग्नात घरच्यांनी त्यांना मागच्या खोलीत कोंडून ठेवलं होतं आणि त्यांनी खिडकीतून वरात पाहिली. नूर महंमदांनी सांगितलं की जमीला, त्यांची बायको, त्यांचं ताट दाराबाहेर ठेवायची आणि ताट बाहेर असतं हे त्यांना बरंच वाटायचं, कारण मग आत जावं लागत नसे. एकदा घरच्याच दारापुढे शिडीवरून पडले, ते थेट पायरीवर, ताटाशेजारी. हे सारं ते अगदी साधेपणाने सांगत होते, दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं. मला वाटलं, पडदा सारून पुढे जावं, ट्रे ठेवावा आणि म्हणावं की तुम्ही ज्याला शोधत आलात ती मी. हे लोक माझ्यासाठीच आले होते. माझ्या घरात, माझ्या सोफ्यावर, माझे पोहे खात बसले होते. एवढं जवळ आयुष्यात कुणी येणार नव्हतं. पंखा फिरत होता. मग यांनी विचारलं, तुम्हाला कुणी सांगितलं? नाना म्हणाले, घरच्या माणसानं. त्यांच्यावर रागावू नका, साहेब, फार हिंमत लागते. यांनी पडद्याकडे पाहिलं. पडदा जमिनीपासून वीतभर वर होता, माझे पाय त्यांना दिसत असणार. मला वाटलं, आता हे म्हणतील, अहो, काहीतरी घोटाळा झालाय, मी तर चहासुद्धा अर्धा कप पितो. ते म्हणाले, “रागावत नाही. होतं ते माझ्याकडून. बरीच वर्षं.” मी ट्रे घेऊन उभीच. पडदा बाजूला करायला काय दोन्ही हात लागतात? खांद्यानेही सरकला असता.

ते गेल्यावर हे स्वयंपाकघरात आले आणि कप धुवायला घेतले. मी विचारलं, असं का म्हणालात? ते म्हणाले, मग काय म्हणू? नळ सुरूच होता. तुम्हाला माहीत होतं? ते कप हातात घेऊनच वळले, आणि मला त्यांच्यामागे कपाटावर बडीशेपेचा मोठा डबा दिसला. किलोभराचा. ती दाराजवळची डबी मी कधी भरली नव्हती, ती कोण भरतं याचा विचारही कधी केला नव्हता. म्हणजे मी दोन दिवसांनी मेथीखाली बाटली आणत होते आणि हे महिन्याला बडीशेप आणत होते, आणि आम्ही एकाच घरात राहत होतो, एकाच ताटातून आंबा खात होतो. मी ओरडले असते, पण शेजारी ऐकू जातं. मी म्हटलं, मला जायचं होतं तिथे. मला बोलायचं होतं. त्यावर हे फार शांतपणे, एखाद्या मुलाच्या फीच्या अर्जावर शेरा मारावा तसे म्हणाले, “बाप पितो म्हटलं तर लोक विचार करून सांगतो म्हणतात. आई पिते म्हटलं तर पाणी न पिता उठतात. डिंपलचं एकदा होऊन जाऊ दे.” मग कप पालथे घालून, हात पुसून म्हणाले, तू चल ना सोबत, बायका बाजूच्या खोलीत बसतात म्हणाले, मधे नुसतं प्लायवूड आहे, तुझ्याही कानावर पडेल. त्यांना खरोखर वाटत होतं की असं होतं. मी आत प्यायची, हे बाहेर औषध घेणार, आणि प्लायवूडमधून ते मला पोहोचणार. एवढा चांगला माणूस. त्याच्या चांगुलपणाला मी काय करू? डोकं आपटून घ्यावं तर भिंतसुद्धा त्यानेच रंगवलेली.

तर आम्ही जायला लागलो. मंगळवारी संध्याकाळी, एका दवाखान्यामागच्या हॉलमध्ये. हे इकडे, मी तिकडे. चोपड्याच्या लोकांना कुठून तरी कळलंच, पण ते म्हणाले, माणूस सोडतोय ना, मग चांगलंच आहे, उलट हिंमतीचा माणूस आहे. यांचा मान वाढला. कॉलेजात शिपाई पुना त्यांच्या टेबलावर न सांगता लिंबूपाणी ठेवायला लागला. तोतारामने मला हात जोडले. वहिनी, ऐकलं, साहेब सोडताहेत, देव पावला. आता मी काही आणून देणार नाही, मेलो तरी. आणि खरंच द्यायचा बंद झाला. मी पायी रेल्वे स्टेशनपर्यंत जाऊन तिथला एक अनोळखी रिक्षावाला गाठला, त्याला पिशवी दिली आणि म्हटलं, साहेबांसाठी. हे म्हणताना मला हसू आलं, मग त्याच रिक्षात मागे बसून मी तोंडात पदर कोंबून घेतला. आता सकाळीही घ्यायला लागले होते. शाळेत मी रजा टाकली होती, साहेबांची तब्येत म्हणून. पुनम मॅडम फोनवर म्हणाल्या, तुम्ही किती सोसलंत हो, आम्हाला वासावरून वाटायचं काहीतरी. काय वाटायचं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. नवरा पितो म्हटल्यावर माझ्या अंगाच्या वासाचाही उलगडा झाला होता सगळ्यांना.

तिसऱ्या का चौथ्या मंगळवारी हे बोलायला उभे राहिले. आधी नुसतेच बसायचे. प्लायवूडला वरच्या बाजूला फट होती, तिकडचं सगळं ऐकू यायचं, आणि आमच्या बाजूच्या बायका आपलं बोलणं थांबवून ऐकायच्या. “माझं नाव योगराज,” हे म्हणाले, “मी पितो.” माझं वाक्य. मी एरंडोल-पारोळ्याच्या रस्त्यावर पाठ केलेलं, त्यांनी एका दमात म्हणून टाकलं. मग ते सांगू लागले. दुपारी पडदे ओढून पितो. स्टीलच्या पेल्यातून पितो, म्हणजे मला वाटतं की मी दारुडा नाही. बाटली पापडाच्या डब्यात ठेवतो, उन्हाळ्यात डाळीच्या. दूध उतू जातं आणि मी बघत उभा राहतो. मला वाटतं कुणाला कळत नाही, पण घरच्या माणसाला जिन्यातल्या पावलावरून कळतं. सगळं खरं. एक अक्षर खोटं नाही. पापडाचा डबा, डाळीचा डबा. इतकी वर्षं मला वाटत होतं मला कुणी पाहत नाही, आणि हा माणूस पेपर वाचता वाचता सारं पाहत होता, जपून ठेवत होता, आणि आता तीस पुरुषांसमोर ते स्वतःच्या अंगावर घालून उभा होता. माझ्या शेजारची बाई पुटपुटली, कसं खरं खरं सांगतो बघा. मला वाटलं, पुरे, आता बसा. पण ते थांबले आणि मग म्हणाले, माझी मुलगी गेल्या श्रावणात पुण्याहून आली होती, न कळवता, राखीला. मी दार उघडलं आणि तिला विचारलं, कोण पाहिजे?

हे मला माहीत नव्हतं. असं काही झाल्याचं माझ्याकडे कुठेच नव्हतं. डिंपल दिवाळीला आली नाही, संक्रांतीला आली नाही, रजा मिळत नाही म्हणाली, आणि मी फोनवर तिच्या कंपनीला शिव्या दिल्या होत्या. तिकडे टाळ्या वाजल्या. खूप वाजल्या, लीलाधर नानांचा रडका आवाज आला, शाब्बास, साहेब, शाब्बास. इकडे आमच्या खोलीत माझी पाळी आली. सगळ्या माझ्याकडे वळून बसल्या होत्या, इतक्या प्रेमाने, की जिचा नवरा आज एवढं बोलला त्या बाईचं आता मन मोकळं होणार. मी उठले. माझे हात कापत होते आणि तेही त्यांना साहजिकच वाटत असणार. आत्ता म्हटलं असतं तर काय झालं असतं? प्लायवूडपलीकडचे सगळे ऐकत होते. हे ऐकत होते. एकदाच म्हणायचं होतं, त्यासाठीच तर धुळ्याला गेले होते मी. पण मी ते म्हटलं तर हे आत्ता जे बोलले ते खोटं ठरणार होतं, त्या टाळ्या, नानांचं रडणं, चोपडं, सगळं. मी म्हटलं, माझं नाव कोकिळा. माझे मिस्टर पितात. बायकांनी माना हलवल्या. मी म्हटलं, पण माणूस चांगला आहे. आणि बसले.

परत येताना स्कूटरवर मी त्यांच्या पाठीमागे बसले होते. त्यांनी विचारलं, बरोबर बोललो ना मी? काही राहिलं तर सांग, पुढच्या मंगळवारी घेतो. त्यांचा आवाज हलका झाला होता, काहीतरी मोठं काम पार पडल्यासारखा, आणि मला कळलं की त्यांना खरंच बरं वाटतंय, ते खरंच सुधारताहेत. आकाशवाणी चौकातल्या सिग्नलला थांबलो तेव्हा मी विचारलं, डिंपलचं ते खरं आहे? ते पुढेच बघत होते. म्हणाले, तिथे खोटं बोलायचं नसतं. मी विचारलं, तुम्ही कुठे होतात तेव्हा? तिच्या मागेच, ते म्हणाले, स्टँडवर उतरून तिने मला फोन केला, मीच तर आणली तिला, बॅग माझ्या हातात होती. तुम्हाला ओळखलं होतं का मी? हे मी त्यांना दोनदा विचारलं. मागच्या ट्रकने हॉर्न दिला. त्यांनी गाडी सुरू केली आणि मान किंचित वळवून, मला ऐकू यावं म्हणून जरा मोठ्याने म्हणाले, “हो. मला तर लगेच ओळखलंस. मला म्हणालीस, अहो, पाहुण्यांना चहा ठेवू का?”